वाळवणीची घट

पनवेल तालुक्यात हाताने उचलता येईल अशी एकही वस्तू उरली नसेल, जी उचलून माझ्या व्याह्यांनी तिचं वजन सांगितलं नाही. हे माझ्या मुलीचे सासरे. भाताच्या गिरणीत पस्तीस वर्षं काट्यावर उभे होते. पुढे गिरणी बंद पडली, त्या जागेवर इमारत उभी राहिली, पण यांचा हात काही रिटायर झाला नाही. पाहुणा दारात आला की त्याच्या हातातली पिशवी पुढे होऊन घ्यायचे. पाहुण्याला वाटायचं, काय हो अगत्य. हे पिशवी दोनदा खालीवर करायचे, "साडेतीन किलो" म्हणायचे आणि पिशवी पुन्हा त्याच्याच हातात द्यायचे. जेवायला बसले की ताट तळहातावर घेऊन झुलवायचे. नारळ, चपला, रद्दी, शेजाऱ्याचं मांजर, काही म्हणून सोडलं नाही. मांजर आपणहून यायचं, ते सोडा, पण एकदा देवळात घंटा वाजवायला हात वर केला आणि ती वाजवायची सोडून खालून उचलून बघितली. मागे माणसांची रांग.

मुलगी बघायला आले तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. बायको वारलेली, त्यामुळे बापलेक दोघंच आले होते. पोह्याची बशी आधी झुलवून झाली. मग मुलगी चहा घेऊन आली, तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि हळूच म्हणाले, "सेहेचाळीस." मला ऐकू गेलं. मी म्हटलं, "मुलगी दाखवली हाय, पोतं नाय." मुलाने मान खाली घातली ती वर काढेना. हे मात्र हसलेही नाहीत आणि रागावलेही नाहीत. म्हणाले, "चुकलं, विहीणबाई. पंचेचाळीसच असंल." अजून पसंती सांगायची होती, देण्याघेण्याचं बोलणं व्हायचं होतं, पण मी विहीणबाई होऊन बसले. मग मीही फार ताणलं नाही. मुलाला नोकरी होती, आणि सासऱ्याला वजनापलीकडे दुसरं व्यसन नव्हतं.

त्यांचा एक सिद्धांत होता. वजन आपोआप कमी होत नाही, कमी झालं म्हणजे कोणीतरी नेलं. गिरणीत पोतं अर्धा किलो कमी भरलं तर हमालांचे खिसे उलटे करायचे. घरी गूळ कमी झाला तर मुंग्यांच्या वाटेने बीळ शोधत जायचे. असल्या माणसाच्या घरात तान्हं मूल जन्माला येणार, हे माझ्या लक्षात वेळीच यायला हवं होतं.

मोबाइलवर मिस कॉल द्यायचे ते दिवस. जावई तेव्हा दुबईला. मुलीचे दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते आणि अचानक पोट कापून बाळंत करावं लागलं. मुलगी झाली. एवढीशी, सोललेल्या वालासारखी. नर्सबाईंनी काट्यावर ठेवली, दोन किलो शंभर ग्रॅम. व्याह्यांनी तो आकडा सिगारेटच्या पाकिटावर लिहिला. ते सिगारेट ओढत नसत, पाकीट रस्त्यातनं उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन किलो वीस. तिसऱ्या दिवशी एक किलो नऊशे साठ.

व्याही उठले. आधी आयाबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. विचारलं, पहिल्या दिवशी दुपट्यासकट मोजली होती का. नर्सबाई म्हणाल्या, नाही, तिन्ही दिवस उघडीच. मग काटा खोटा असेल. नर्सबाई दुसऱ्या खोलीत गेल्या तेवढ्यात यांनी लेंग्याच्या खिशातून लोखंडी एक किलोचं वजन काढलं, सरकारी शिक्क्याचं, आणि काट्यावर ठेवलं. सुनेच्या बाळंतपणाला दवाखान्यात येताना माणूस खजूर आणतो, डिंक आणतो, यांनी हे आणलं होतं. काट्याने बरोबर एक किलो दाखवलं. दोनदा ठेवून बघितलं, दोनदा बरोबर. काटा खरा निघाला तसे ते बाकावर बसले आणि वजन मांडीवर धरून बसून राहिले. मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा बघितलं.

नर्सबाई भल्या होत्या. त्यांनी समजावलं, मूल आईच्या पोटातून अंगात पाणी घेऊन येतं, पहिले चार दिवस शू-शी करतं आणि दूध अजून पुरतं उतरलेलं नसतं, म्हणून उतरतं वजन. सगळ्यांचं उतरतं. व्याह्यांच्या डोक्यात शिरेना. मी चौथी शिकलेले, पण भातशेतीत जन्म गेला. मी म्हटलं, "नवा भात गिरणीत येतो तो चार दिवसांनी घटतो का नाय?"

"घटतो. ती वाळवणीची घट."

"तेव्हा चोर शोधता?"

मांडीवरचं वजन खिशात घातलं. मग नर्सबाईंना विचारलं, "घट किती धरायची?"

त्या म्हणाल्या, साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत चालतं, पण ही लहान आहे, आधी आलेली आहे, हिला जपायला हवं. यांनी पाकिटावर हिशेब मांडला. दोनशे दहा ग्रॅमची सूट, एकशे चाळीस गेले, सत्तर उरले. सत्तर ग्रॅम म्हणजे मूठभर पोहे. चौथ्या दिवशी सकाळी त्यातले आणखी तीस गेले. डॉक्टर म्हणाले, असंच घटत राहिलं तर मुंबईला नेऊन काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. माझी मुलगी रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडून दूध येत नाही.

नर्सबाईंनी उपाय सांगितला होता. बाळाला लंगोट आणि टोपी एवढंच ठेवून उघड्या छातीवर घ्यायचं, अंगाला अंग लागलं पाहिजे, वरून चादर. म्हणजे बाळाची ताकद ऊब धरण्यात खर्च होत नाही, दूध अंगी लागतं. भिंतीवर त्याचं चित्र होतं, पिल्लू पोटात घेतलेल्या कांगारूचं. व्याही त्यासमोर चष्मा लावून उभे राहिले आणि म्हणाले, असलं जनावर कर्नाळ्याच्या जंगलातसुद्धा बघितलं नाय. आदल्या दिवशी मुलीनेच घेतलं होतं छातीवर, पण त्या सकाळी तिला ताप भरला, कुडकुडायला लागली. मी पुढे झाले तर मला खोकला. नर्सबाई म्हणाल्या, तुम्ही लांबच राहा. बाप दुबईला. उरलं कोण?

विहिणीसमोर व्याह्याने उघडं बसायचं म्हणजे काय, ते ज्याला विहीण आहे त्यालाच कळेल. आमच्यात व्याही विहिणीपुढे चप्पलसुद्धा विचार करून काढतो. हे उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, पळाले.

तासाभराने परत आले तर मी ओळखलंच नाही. मिशा गायब. लग्नाआधीपासूनच्या मिशा, वजन न करता सांगते, छटाकभर तरी होत्या. न्हाव्याकडे जाऊन त्या काढून आले होते आणि छातीही साफ करून आले होते. त्यांची छाती म्हणजे काथ्याचं पायपुसणं, हे त्यांच्या बनियनच्या वरच्या कडेवरून सगळ्या पनवेलला माहीत होतं. नर्सबाई म्हणाल्या, अहो आजोबा, नुसतं स्वच्छ धुतलं तरी चाललं असतं. तर म्हणतात कसे, "मधी बारदान कशाला?" बारदान म्हणजे माल भरायचं रिकामं पोतं, ज्याचं वजन वजा करतात ते. मिशा कशाला काढल्या, तर पोरीच्या टाळूला टोचतील. गरम पाण्याने अंग पुसून आले, माझ्याकडे पाठ करून खुर्चीत टेकून बसले, नर्सबाईंनी पोरीला छातीवर ठेवून चादर बांधली. पहिली पाच मिनिटं त्यांना गुदगुल्या झाल्या. एवढा मोठा माणूस, पाठ गदगदा हलत होती आणि आवाज मात्र काढत नव्हता.

इथपर्यंत ठीक होतं. पण न्हावी त्यांच्याच गल्लीतला. म्हाताऱ्याने मिशी उतरवली, आईबाप तर कधीचेच गेलेले, सून दवाखान्यात, बाळ अशक्त. गल्लीने दोन आणि दोन चार केले. दुपारी तीन बायका डोक्यावर पदर घेऊन वॉर्डात आल्या. हातात डबा. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणी देतात तसं, पिठलं-भाकरी. त्यातली थोरली माझ्या शेजारी बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "देवाचं होतं, देवानं नेलं."

मी विचारलं, "काय नेलं?"

तिने मान लांब करून खुर्चीत डोकावलं. खुर्चीत बिनमिशीचा व्याही, डोळे मिटलेले, गळ्यापर्यंत चादर. तिला वाटलं हेही चालले. तेवढ्यात चादरीतून टोपी हलली आणि पोरगी शिंकली. ती बाई उठून दारापर्यंत गेली. व्याह्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "हळू बोला. काट्यावर माल हाय."

मी त्या बायांना फटकळपणे बोलले, तेवढं माझं कर्तव्य होतं. डबा मात्र ठेवून घेतला. पिठलं चांगलं होतं, आणि मुलीने ताप उतरल्यावर पहिल्यांदा पोटभर खाल्लं ते तेच.

दिवसभर, मधे दूध पाजण्यापुरतं सोडून, व्याही खुर्चीतून हलले नाहीत. मुलगी दूध काढून द्यायची, नर्सबाई वाटी-चमच्याने पाजायच्या. पाचव्या दिवशी सकाळी पोरीला काट्यावर ठेवली तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून उभे. पस्तीस वर्षं काटा बघितलेला माणूस. म्हणाले, "तुमीच वाचा." मी वाचलं, एक किलो नऊशे तीस. कालच्याइतकंच. "तूट थांबली," एवढं म्हणून पुन्हा शर्ट काढायला लागले. सहाव्या दिवशी पंचवीस ग्रॅम वाढले. नवव्या दिवशी आम्हाला घरी सोडलं, म्हणजे माझ्या घरी, पहिलं बाळंतपण माहेरचं.

आता व्याह्याने विहिणीच्या घरी न बोलावता रोज येणं बरं दिसत नाही. ते रिक्षापर्यंत आले आणि नुसते उभे राहिले. मी म्हटलं, "रोज तीन वाजता या. माझा खोकला अजून हाय." माझा खोकला केव्हाच गेला होता.

ते जाऊन आता चार वर्षं झाली. पोरगी सातवीत आहे, दप्तराच्या ओझ्याने वाकून चालते, आणि ते ओझं किती हे अचूक सांगणारं घरात कोणी नाही. मला त्यांची आठवण फारशी येत नाही, मला तेवढा वेळ नसतो. पण एक दुपार आठवते. पोरगी पंधरा दिवसांची झाली, वजन दोन किलो शंभरच्या वर गेलं, आणि डॉक्टर म्हणाले की आता छातीवर घ्यायची गरज उरली नाही. तीनला व्याही आले तेव्हा मी त्यांना तसं सांगितलं. "चांगलं झालं," म्हणाले. जरा वेळ पोरीची टोपी हातात फिरवत बसले. मी चहा टाकायला आत गेले आणि जरा जास्तच उकळू दिला. बाहेर आले तर ते आरामखुर्चीत उघड्या अंगाने, छातीवर पोरगी, वर चादर, आणि दोघंही गाढ झोपलेली. ते घोरत होते, ती त्यांच्याबरोबर वर जात होती, खाली येत होती. नर्सबाईंनी बजावलं होतं की बाळ घेतलेल्या माणसाचा डोळा लागला तर दुसऱ्याने जागं राहून लक्ष ठेवायचं. म्हणून मी समोर बसून राहिले. साडेपाचपर्यंत कोणी उठलं नाही. दोन्ही कप मीच प्यायले.