काका लिस्बनला निघतात

एकाच गावातून इतक्या वेळा निघालेला माणूस आमच्या शेजारच्या काकांखेरीज अख्ख्या अमेरिकेत सापडणार नाही. मॉरिसव्हिल सोडून कायमचं लिस्बनला राहायला जायची त्यांची पहिली तयारी चार वर्षांपूर्वी झाली. मराठी मंडळानं शाल, श्रीफळ आणि श्रीखंड-पुरीसकट निरोप दिला. काकांनी भाषण केलं, दोघी-तिघींचे डोळे भरून आले, आणि पुढच्याच मंगळवारी काका भारतीय दुकानात भेंडी निवडताना दिसले. व्हिसाचा कुठला तरी कागद अडला होता. मग दर वर्षी एक निरोप ठरलेलाच. चौथ्या वेळी मंडळानं शाल वगळली आणि नारळ काकांनाच येताना आणायला सांगितला.

निघायचं म्हणजे आधी घर वाटून टाकायचं. मिक्सर समोरच्यांकडे गेला, कुकर आमच्याकडे आला. जाणं रद्द झालं तरी काकांनी कुकर कधी परत मागितला नाही. "तुझाच आहे तो," म्हणायचे आणि रोज सकाळी डाळ-तांदूळ धुऊन आमच्याकडे कुकर लावायला यायचे. तीन शिट्ट्या होईपर्यंत लिस्बनचा इतिहास चालायचा: भूकंपात निम्मं शहर कसं पडलं, मग ते पुन्हा कसं उभं केलं. मी घरूनच काम करते. एकदा म्यूट करायचं राहिलं आणि शिट्टी ऐकून माझ्या मॅनेजरनं तुमच्याकडे आग लागलीय का, असं काळजीनं विचारलं.

भाषेची त्यांना फिकीर नव्हती. "पाव, बटाटा, चावी, पगार. सगळं आपण पोर्तुगीजांकडूनच तर घेतलंय. एवढ्यावर माणूस आरामात जगतो," असं त्यांचं म्हणणं. प्रश्न होता गुडघ्यांचा. लिस्बन टेकड्यांवर वसलेलं आणि आमचं गाव परातीसारखं सपाट. म्हणून काका चार मजली पार्किंगचा चढ पाठीवर कणकेची पिशवी बांधून चढायचे. एकदा तिथल्या सिक्युरिटीवाल्यानं अदबीनं विचारलं, गाडी सापडत नाहीये का? काका म्हणाले, "गाडी घरी आहे. मी पोर्तुगालला चाललोय." त्यानं त्यांना आपल्या गाडीत बसवलं आणि घरी आणून सोडलं.

त्यांच्या मुलीला मात्र यात काही गंमत वाटत नव्हती. ती दूर पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असते. एका सकाळी कुकर गॅसवर असतानाच तिचा फोन आला. "बाबा, सीरियसली, बेसमेंट आम्ही तुमच्यासाठीच रिनोव्हेट केलंय. लिस्बनमध्ये तुम्हाला ओळखतं कोण?" काका हो-हो करत राहिले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "ती चुकत नाही गं. पण बघ, शिकायला वडिलांनी नागपूरला धाडलं. अमेरिकेत कंपनीनं आणलं. ती नोकरी गेली, मग दुसरी मिळाली तिथे राहिलो. बहात्तर वर्षांत एक गाव मी स्वतः निवडलेलं नाही. एक तरी निवडू दे. गुडघे आहेत तोवर."

त्या दिवशी मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर त्यांचा कागद दर वर्षी अडावा, असंच मला वाटत आलं होतं. माझे आईवडील तिकडे सातासमुद्रापार. सकाळी हक्कानं दारात येणारं वडीलधारं माणूस मला इथे हे एवढंच होतं.

गेल्या वसंतात काका पाचव्यांदा निघाले. मंडळाच्या ग्रुपवर चार हसरे इमोजी आले, बाकी कुणी फिरकलं नाही. एअरपोर्टला मीच सोडलं, तेही दोन मीटिंगांच्या मधे, इंजिन चालू ठेवून. संध्याकाळी ते परत येणार याची मला इतकी खात्री होती की मी आमटीसुद्धा जास्त केली होती. उतरताना ते म्हणाले, "थोडी भीती वाटते गं." मी म्हणाले, "काका, मागची बॅग विसरू नका."

ते गेले ते गेलेच. तिथे ट्रामच्या आवाजानं झोप मोडते म्हणून तक्रार करतात, म्हणजे मजेत असावेत. चार वेळा आम्ही त्यांना थाटामाटात निरोप दिला, आणि ज्या दिवशी ते खरोखर निघाले, त्या दिवशी खाली उतरून त्यांच्या पाया पडायचंही मला सुचलं नाही.