समोरासमोरच्या दोन खाटा

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर जायचे आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकलो ते त्यांवरच. त्यामुळे कुठेही काही चुकलं की माझं पहिलं वाक्य तयार असायचं: दोषींवर कारवाई झालीच पाहिजे.

रत्नागिरीतल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून लागलो, तेव्हाही ही सवय सुटली नव्हती. हातमोजे उशिरा आले, मी पत्रक लिहिलं. वॉर्डातून अर्धवट भरलेले फॉर्म यायचे, त्यावर तर दोन लिहिली. आमच्या वरिष्ठ तंत्रज्ञ ताई ती शांतपणे वाचायच्या, ऱ्हस्व-दीर्घ सुधारायच्या आणि म्हणायच्या, "झकास. आता सेंट्रिफ्यूज लावा, पत्रकवाले."

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास स्त्रियांच्या वॉर्डातून रक्ताची पिशवी परत आली. जेमतेम चार घोट रिकामी झालेली. मिरकरवाड्यात मासे विकणाऱ्या एका आजींना ती लावली होती. काही मिनिटांतच त्यांना हुडहुडी भरली आणि कमरेत कळा येऊ लागल्या. सिस्टरनी पिशवी लगेच बंद केली, दुसऱ्या हातातून रक्ताचा नवा नमुना घेतला आणि दोन्ही आमच्याकडे पाठवलं.

मी तिथेच वॉर्डावर घसरलो. एकीची पिशवी दुसरीला लावली असणार, दुसरं काय. ताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "आधी कागद," एवढंच म्हणाल्या.

कागद जुळत होते. पिशवीचा नंबर, फॉर्म, रजिस्टर, सगळं. वॉर्डाची काही चूक दिसेना. मग ताईंनी आजींच्या नावाच्या दोन नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायला लावल्या. एक आदल्या दिवशीची, आमच्या फ्रिजमध्ये जपून ठेवलेली, दुसरी आत्ताची. जुन्या नळीत वर आलेलं पाणी पिवळसर आणि नितळ होतं. नव्या नळीतलं मात्र कोकमाचं आगळ थेंबभर पडल्यासारखं गुलाबी. म्हणजे आजींच्या शरीरात रक्तपेशी फुटत होत्या. आता त्यांच्या मूत्रपिंडांना जपायला हवं होतं. ताईंनी तेवढं डॉक्टरांना फोनवर कळवलं आणि माझ्यापुढे रक्तगट तपासायचं सामान सरकवलं.

जुनी नळी ए. नवी नळी बी.

मी पुन्हा तपासलं. तेच आलं. एका माणसाचे दोन रक्तगट नसतात. म्हणजे जिच्यावरून आजींना ए रक्त दिलं, त्या जुन्या नळीतलं रक्त त्यांचं नव्हतंच, आणि त्या नळीवरचं अक्षर माझं होतं. आदल्या दिवशी नमुने घ्यायला मीच गेलो होतो.

मी काहीतरी बोलायला लागलो. कुठली खाट, कुणी सांगितलं, असं काहीबाही. ताईंनी हात वर करून थांबवलं.

"चूक कोणाची ते नंतर बघू. हे ए रक्त जिचं आहे, ती कुठाय?"

त्या वॉर्डातून मी दोनच नमुने आणले होते. दुसरी सावर्ड्याची एक बाळंतीण, तिच्या नळीवर मी बी लिहिलं होतं. नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर ती ए गटाची होती, आणि तिच्यासाठी बी रक्ताची पिशवी सकाळीच वर गेली होती. वॉर्डाचा फोन लागेना. मी जिना चढून धावलो.

बाळंतीण बाळाला घेऊन पडली होती. शेजारी स्टँडवर पिशवी टांगलेली होती, पण नळी अजून तिच्या हाताला जोडलेली नव्हती. सिस्टर आजींच्या धावपळीत अडकल्या होत्या, म्हणून. मी पिशवी काढून घेतली आणि तिथल्याच स्टुलावर बसलो. बाळंतिणीने विचारलं, "रक्त नको का आता मला?" मी म्हटलं, हवंय, पण हे नाही.

अदलाबदल कशी झाली ते सिस्टरनी सांगितलं. आजींना मिळालेल्या खाटेवर झोपलं की पाय दक्षिणेकडे व्हायचे. तसं त्या झोपणार नव्हत्या. समोरची बाळंतीण म्हणाली, मग माझ्या खाटेवर या, मला चालतं. दोघींनी गाठोडी हलवली, खाटांचे नंबर मात्र जागेवर राहिले. आणि मी फॉर्मवरचे खाटांचे नंबर बघून नळ्यांवर नावं खाली रक्तपेढीतच लिहून नेली होती. त्या नंबरच्या खाटेशी गेल्यावर मी नाव विचारलं नव्हतं, वाचून दाखवलं होतं. दोघींनीही मान हलवली होती.

ताईंनी अहवाल मलाच लिहायला दिला. आजींच्या शरीरातली प्रतिद्रव्यं परक्या पेशींना चिकटल्याचं तोवर चाचणीतही दिसलं होतं, तेही नोंदवलं. कारणाच्या रकान्याशी माझं पेन अडलं. वॉर्डातल्या अदलाबदलीवर मला पानभर लिहिता आलं असतं. शेवटी लिहिलं: "नमुना घेताना रुग्णाला नाव विचारले नाही." खाली माझं नाव आणि सही. ताईंनी वाचलं. या वेळी सुधारण्यासारखं काही सापडलं नाही बहुतेक. डबा उघडून त्यांनी अर्धं घावन माझ्यापुढे ठेवलं.

पुढचे काही दिवस आजींच्या लघवीचा रंग हीच माझी पहिली चौकशी असायची. तो हळूहळू निवळला. बाळंतिणीला तिच्या गटाचं रक्त मिळालं. आजींना सिस्टरनी त्यांच्या पहिल्याच खाटेवर परत आणलं आणि उशी पायथ्याशी ठेवून दिली. एवढं साधं होतं ते.

घरी जाण्याआधी आजींचा शेवटचा नमुना घ्यायचा होता. मी कोरी नळी घेऊन उभा राहिलो आणि नाव विचारलं.

"मेल्या, रोज येतोस नि नाव पाठ नाय झालं?"

"झालंय. तरी तुम्हीच सांगा. त्या दिवशी मी दुसरीचं नाव वाचलं, तर मान का हलवलीत?"

"सुई घेऊन हुभा होतास. सुईवाल्याला कोण नाय म्हणंल?"

मी थांबून राहिलो. त्यांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, आणि वर मिरकरवाडाही. ते सगळं मी तिथेच, त्यांच्या खाटेशी उभं राहून नळीवर लिहिलं.