एका मशीनमधली ताई

माझी मावशी एका मोठ्या इस्पितळाच्या कॉम्प्युटरच्या मशीनरूममध्ये कामाला होती. तळघरातली खोली, जाड दार, आत बारा महिने थंडी. ऐन उन्हाळ्यातही ती स्वेटर घेऊन निघायची, म्हणून गल्लीत तिला सगळे गारठाबाई म्हणत. लग्न तिनं केलं नाही. "दोन पोरांचं करताना बायकांच्या नाकी नऊ येतात," ती म्हणायची, "माझ्याकडे एकच आहे, पण कपाटाएवढा."

तो म्हणजे थोरला. अख्ख्या इस्पितळाचा कारभार त्या एका मशीनवर चाले. त्याच्या पोटात डझनावारी प्रोसेसर एका जिवानं राबायचे. तो सहसा बंद पडत नसे, पण पांढरा हत्तीच तो. त्याच्या नुसत्या देखभालीचा करार एका वॉर्डाच्या खर्चाएवढा. काम वाढलं तेव्हा कळलं, की दुप्पट ताकदीचं मशीन दुप्पट नाही, पाचपट किमतीला मिळतं. नवे व्यवस्थापक म्हणाले, "तेवढ्यात बाजारातली साधी मशीन्स खोलीभर येतील." मावशीनं स्वतः आकडे मांडून पाहिले. त्यांचं बरोबर होतं. चौघांनी खांदा देऊन थोरल्याला बाहेर नेलं.

स्वस्त मशीन्स मरतात, हे धरूनच ती घेतलेली. म्हणून प्रत्येक पेशंटची नोंद तीन मशीन्सवर ठेवायची. एक गेलं तरी दोन उरतात. मेलेलं मशीन काढायचंही नाही, कारण काढणाऱ्याची मजुरी त्याच्या किमतीपेक्षा जास्त. ते तसंच मांडणीवर राहायचं, जिवंतांच्या मधोमध, दिवा विझलेलं. मावशीला तिथून चालताना अंगावर काटा यायचा. "थोरल्याला साधी शिंक आली तरी सगळे धावत यायचे," ती म्हणायची. "ही मरतात, आणि कुणाला पत्ताही नसतो."

त्या सुमारास माझी आई गेली, त्याच इस्पितळात. चालू पेशंटांमधून तिचं नाव मावशीनंच पुसलं.

पुढं काही महिन्यांनी, भर दुपारी, आमच्या घरचा फोन वाजला. बाबांनी घेतला. "उद्या सकाळी तुमची तपासणी आहे. जुने कागद घेऊन या. आम्ही वाट बघतोय." इस्पितळातून असे फोन आपोआप जायचे. आवाज मावशीचा, तिनंच ती वाक्यं भरून दिलेली. पण फोनवर दोघी बहिणींचा आवाज इतका सारखा, की आई असतानाही बाबा फसायचे. फोन ठेवून ते मला म्हणाले, "आईची फाईल कुठे आहे गं?"

मला वाटलं, नुसती बघायची असेल. सकाळी पाहते तर बाबा घरात नाहीत.

पुढचं मावशीनं सांगितलेलं. मशीनरूममधल्या पडद्यावर, तपासणीच्या रांगेत तिला आईचं नाव दिसलं. पुढे "हजर". ती जिना चढून धावली. बाबा बाकावर बसलेले, मांडीवर फाईल, शेजारची जागा मोकळी. गर्दीतून कुणी "इथं कुणी आहे का?" विचारलं की ते म्हणत, "आहे."

"भावजी, घरी चला. चूक झालीय."

"कुणाची?"

"परवा वीज गेली होती ना? परत आल्यावर एक मेलेलं मशीन आपोआप सुरू झालं. ते बंद पडलं तेव्हा ताई होती. उठून बघतं तर बाकी दोघांकडे तिचं नाव नाही. त्याला वाटलं, यांच्याकडून हरवलं. त्यानं त्यांना परत दिलं."

बाबांनी मांडीवरची फाईल सरळ केली. "म्हणजे ती गेली, हे त्याला कुणी सांगितलंच नाही?"

"नाही."

"मग राहू दे की."

मावशीनं मान वर केली. समोरच्या बाकावर एक म्हातारी होती. तिच्या शेजारी मोकळी जागा, तिथं पुरुषाचा चष्मा ठेवलेला. भिंतीशी दोघे भाऊ, मधे एका माणसाची जागा सोडून. खिडकीशी आणखी एक जण, तसाच.

"तुम्हालाही फोन आला होता का?" तिनं मोठ्यानं विचारलं.

ते सगळे एकदम तिच्याकडे वळले. आवाज त्यांनी ओळखला होता. म्हातारी म्हणाली, "तुम्हीच बोलावलंत ना? आलोय आम्ही." एकानंही तक्रार केली नव्हती. चूक सगळ्यांना ठाऊक होती.

इतक्यात आतून आईच्या नावाचा पुकारा झाला. बाबा उठले. मावशी त्यांच्यामागून दारापर्यंत गेली. डॉक्टर नवे, कागदातून डोकं न काढता म्हणाले, "बसा. कसं वाटतंय आता?"

बाबांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि ते थांबले, जणू आधी तिला बोलू द्यावं.

"आणि मीही थांबले गं," मावशी मला म्हणाली. "एवढं सगळं माहीत असून."

त्या दुपारी व्यवस्थापकांनी उपाय काढला. नाव पुसायचं नाही. त्यापुढे "मृत" असं लिहून कायम ठेवायचं. मग कुठलंही मशीन उठलं, तरी बाकीची त्याला सांगतील. मशीन्समधली जागा वाचवायला आधी हे टाळलं होतं. मावशी एकेक नाव लिहीत गेली. आईचं शेवटी ठेवलं. बाबा मशीनरूममध्ये तिच्या पाठीशी उभे होते.

"भावजी, लिहू?"

"तिन्हीकडे जाईल?"

"तिन्हीकडे."

मशीन्सची घरघर तेवढी चालू होती. "लिही," बाबा म्हणाले, आणि तिनं लिहिलं.

फोन थांबले. मावशीनं आपला आवाज काढून टाकायला लावला, आणि हट्टानं बदली मागून घेतली, वरच्या मजल्यावर, चौकशीच्या खिडकीत. हुद्दा घटला, पगारही. तिथं लोक रांगेवरून हमरीतुमरीवर येतात, तिच्या नावानं बोटं मोडतात. "आज एकीनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला," ती घरी येऊन सांगते, आणि दोन घास जास्तच जेवते.