बालाजीचा काढा

बालाजी चादरीवरच्या मुंग्या वेचत होता. चादरीवर एकही मुंगी नव्हती.

"कालपासून असंच करून राहिले, साहेब," त्याची बायको सुमन म्हणाली.

कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. नांदेडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी मानसोपचारतज्ज्ञ. बालाजी माझा जुना पेशंट, नायगावला मोटार रिवाइंडिंग करणारा. तीन वर्षांपूर्वी त्याची दारू सुटली ती या बाईमुळे. नवऱ्याला पाजणाऱ्या दोस्ताला तिनं भर बाजारात चप्पल दाखवली होती.

आता समोर होतं ते विड्रॉवल. रोज दारू मिळणाऱ्या शरीराची दारू एकदम तुटली, की हात थरथरतात, नसलेलं दिसतं, फिट येते. उपचाराला उशीर झाला तर माणूस दगावतो. पण तुटायला आधी सुरू व्हावी लागते ना! माझं डोकंच फिरलं.

"कोणी पाजली? त्याच दोस्तानं?"

सुमननं नवऱ्याच्या पायाखालची चादर सारखी केली.

"अहो, बोला! जीव जाईल याचा."

"मीच दिली, साहेब."

मी इंजेक्शन भरता भरता थांबलो.

"दीर गेले कोरोनानं. तोंडबी पाहू दिलं न्हाई. हे झोपनातच, 'आता माझा नंबर' म्हणायचे. गल्लीतले म्हणले, दारूनं घशातला कोरोना जळतोय. म्हणून काढ्यात टाकून दिली, रोज दोन टाइम. मग दुकानं बंद झाली, मिळंना."

"आणि तीन वर्षं सुटलेली होती, त्याचं काय?"

"एकदा सोडवली, पुन्हा सोडवीन. मेलेल्या माणसाची काय सोडवू?"

सलाईन, इंजेक्शनं, नर्सची धावपळ. एकदा फिट आली तेव्हा वाटलं, गेला हा. पण वाचला. तो शुद्धीवर आल्यावर मी त्याला विचारलं, "काढ्यात दारू आहे हे तुला कळलं नाही?"

"पहिल्याच घोटाला कळलं, साहेब. म्या बोललो न्हाई."

हा मला दुसरा धक्का.

डिस्चार्जच्या दिवशी कोरोनाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. सुमनचे डोळे चमकले.

"बघा साहेब, लागू पडली की!"

मी घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. तिनं मान डोलावली. पटलं की नाही, देव जाणे.

तेव्हापासून फॉलो-अपच्या फोनवर 'पेशंट पितो का' हे मी नंतर विचारतो. आधी घरच्यांना विचारतो, सध्या भीती कशाची वाटते?