उंबऱ्याबाहेरचे दिवे

आमच्या शेजारच्या वहिनी मुक्त व्यापार क्षेत्रातल्या एका गोदामावर देखरेख करतात. म्हणजे बंदराजवळची कुंपण घातलेली जागा. परदेशी माल तिथे उतरतो, पण आयात शुल्कापुरता तो अजून देशात आलेलाच नसतो. शुल्क भरायचं ते फाटकाबाहेर काढताना.

वहिनींनी हाच कायदा घरालाही लावलाय. नवऱ्याने हौसेने काहीही आणलं, की आधी व्हरांड्यात. "बघू," म्हणतात, आणि निम्म्या वस्तू आल्या पावली परत जातात. मीही इतकी वर्षं चहा व्हरांड्यातच पितोय, त्यावरून काय ते समजा.

गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या दिराने होती नव्हती ती पुंजी घालून परदेशातून टेबलावरचे दिवे मागवले. त्याला माल थेट दुकानात हवा होता. वहिनींनी हट्टाने गोदामात उतरवायला लावला.

"वहिनी, तुमचा माझ्यावर विश्वासच नाही."

"तुझ्यावर आहे रे. खोक्यांवर नाही."

खोकी उघडली आणि दिराचा चेहराच उतरला. पिना जाड, इथल्या एकाही सॉकेटात शिरेनात! पठ्ठ्याने रंग निवडला, घाट निवडला, पिनेकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. संध्याकाळी व्हरांड्यात डोकं धरून बसला.

"बुडालो."

"दिव्यासोबत मेणबत्ती फुकट दे," मी धीर दिला. वहिनींनी माझ्या हातातला कप काढून घेतला.

"बुडायला माल आत आलाय कुठे?" त्या दिराला म्हणाल्या. "गोदामातच पिना बदलून घे, तिथे चालतं. खपतील तसे बाहेर काढ, तेवढ्यांचंच शुल्क भर. उरलेले, जिथे ही जाड पीन चालते त्या देशाला पाठव. त्यांच्यावर इथे एक छदाम नाही."

त्याने तसंच केलं. थोडे इथे खपले, बाकीचे परस्पर दुसऱ्या देशात गेले. फार कमावलं नाही, पण पुंजी वाचली. मग एक दिवा कागदात गुंडाळून तो वहिनींना द्यायला आला. त्यांचे डोळे भरले, हे मी पाहिलं. लगेच पदराने चष्मा पुसल्याचं नाटकही पाहिलं.

"ठेव व्हरांड्यात," त्या म्हणाल्या. "बघू."

दिवा अजून तिथेच आहे. वहिनी कप किती भरतात ते मला आता स्पष्ट दिसतं. काल त्याच उजेडात दीर म्हणाला, "वहिनी, आता पंखे मागवतोय."

आतून आवाज आला, "पिना विचारल्यास?"

दीर मुकाट्याने फोन लावायला बाहेर गेला.