मागच्या दारावरचा पासवर्ड

मंडळी, आज घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा फाइल सर्व्हर केला. सगळे फोटो एका जागी, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. आमच्या पापडी गावातल्या घरात एवढी कडक सिक्युरिटी पहिल्यांदाच!

आई म्हणाली, "विल्सनचं पण नाव घाल त्यात."

विल्सन माझा धाकटा भाऊ. बोटीवर कामाला गेला, तो चार वर्षं घरी आलेला नाही.

घातलं नाव. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून आईकडे दिला. बजावलं, "कुणाला दाखवू नकोस."

संध्याकाळी बघतो तर कागद मागच्या दाराला, तोही बाहेरून, भाताच्या शितांनी चिकटवलेला! मी जाम भडकलो.

आई म्हणाली, "अरे, तो कायम मागच्या दारानेच येतो ना."

कागद काढायला हात गेला, पण काढवेना. तुम्ही काढला असता?