बाबा मैदानात आडवे झाले तेव्हा

नव्वदच्या दशकात नगरला बास्केटबॉलच्या स्पर्धेला एका कंपनीचे पगारी खेळाडू आले होते. त्यांच्यातला एक उंच गडी नुसता हात लागला तरी कोसळायचा आणि पंच फाऊल द्यायचे. त्यांच्याविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला आमचा संघ एका गुणाने पुढे असताना तो पुन्हा पडला. माझे बाबा शिक्षक, कधी आवाज न चढवणारे. ते प्रेक्षकांतून उठून तरातरा मैदानात गेले आणि त्याच्याशेजारी आडवे झाले.

"मलाही धक्का लागलाय, द्या फाऊल!"

"बाहेर व्हा, नाहीतर सामना रद्द करीन," पंच कडाडले.

आमचा कप्तान बाबांचा जुना विद्यार्थी होता. तो वाकून म्हणाला, "सर, उठा ना. हरलो तरी खेळून हरू."

बाबा उठले. त्या उंच गड्याने दोन्ही फ्री थ्रो बास्केटमध्ये टाकले आणि आम्ही हरलो. बाबांनी शर्टावरची धूळ झटकली आणि केडगावला घरी जायला स्कूटर काढली.